दिवसभर राबतो पण ठरवलेलं काम तेवढंच राहून जाते, तुमचं कसं जमते?

धुऱ्यावरचा
४ नोव्हेंबर, रात्री ९:५२

राम राम मंडळी. वर्षभर नुसता वाचत आलो, आज लिहूनच टाकतो म्हटलं.

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सहा एकर वावर. चार एकरात कपाशी अन मधात तुरीचे तास, दोन एकर हरभरा आत्ताच पेरला. शिक्षण बीकॉम. आमच्याइकडे शेतकरी उत्पादक कंपनी निघाली तिचा हिशोब मी पाहतो, त्याचे महिन्याचे थोडे पैसे भेटतात. जीएसटीचं एक रिटर्न ११ तारखेच्या आत अन दुसरं २० च्या आत, ते सध्या तालुक्याच्या सीएकडून भरून घेतो. ते मलाच करता यावं म्हणून उन्हाळ्यात पैसे भरून ऑनलाइन कोर्स घेतला. ६० व्हिडिओ आहेत. मे पासून आजपर्यंत पाहून झाले ९.

आळशी म्हणाल तर तसं नाही हो, पाचला उठतो. शेण, दूध, डेअरी, मग मजुरांच्या मागे, मग वावर, संध्याकाळी कापूस मोजून गाठोडी बांधून घरी आणा, जेवण, अन मोबाईल हातात धरल्या धरल्या डोळे मिटतात. दसऱ्याला भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं होतं, लाल स्केचपेननं, सकाळी ६ ते ८ अभ्यास. पहिल्या दिवशी गाय अडली, दुसऱ्या दिवशी गावात मयत झाली, तिसऱ्या दिवशी सहाला बसलो अन सव्वासहाला शेजाऱ्याचा फोन, लाईन आली पाणी धर. चौथ्या दिवशी मीच त्या कागदाकडे पाहिलं नाही. अजून तिथंच आहे, खालचं टोक सुटून पंख्याच्या हवेत फडफडते.

तर विचारायचं एवढंच, ज्यांचा दिवस दुसऱ्याच्याच हातात असतो (लाईन, मजूर, ढोरं, पाऊस, सोयरे) त्यांनी वेळेचं नियोजन करायचं कसं? नोकरीवाल्यांचे सल्ले लय वाचले, माझ्या दिवसाला ते बसतच नाहीत.


अभ्यासिका_खुर्ची_७
४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

भाऊ पोमोडोरो करून पाहा. मी तीन वर्षांपासून राज्यसेवेची तयारी करतोय, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, माझं तर त्यानेच सुधारलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना काढलेली पद्धत आहे, त्याचं बी अभ्यासात लक्ष लागत नव्हतं. घरातलं टमाट्याच्या आकाराचं टायमर घेतलं अन तेवढ्या वेळात दुसरं काही करायचं नाही असं ठरवलं, इटालियनमध्ये टमाट्याला पोमोडोरो म्हणतात म्हणून ते नाव. २५ मिनिट काम, ५ मिनिट सुट्टी, असे चार झाले की मोठी सुट्टी, १५ ते ३० मिनिट. मधात काही आठवलं तर कागदावर टिपून ठेवायचं, उठायचं नाही. आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाल्यापासून लिहायची सवय लागते, तिथं तर २५ मिनिटात एक उत्तर लिहून तपासायचं हे माप एकदम बरोबर बसते.


पऱ्हाटी
५ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

२५ मिनटात तं आमच्या मोटरचा स्टार्टर बी नाई धरत बाप्पा. व्होल्टेज येते तं येते, नाई तं माणूस डीपीजवळ उभा राहून हात जोडते.

अन ते ५ मिनटाची सुट्टी म्हनता ना, आमच्या गावात ५ मिनटासाठी पानठेल्यावर गेलेला माणूस दीड घंट्यानं येते. खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घोटून होईपर्यंत ट्रम्पपासून त सरपंचापर्यंत समद्याइचा निकाल लागते. तुमचं टमाटं तठी सडून जाईन.


लालडब्बा
५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

@पऱ्हाटी 😀😀

मी रोज एसटीनं अपडाऊन करतो, वरुड ते अमरावती. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. मला घरी एक मिनिट मिळत नाही पण बसमध्ये बसलं की मला कोणीच उठवू शकत नाही, कंडक्टर सोडून. जाताना खिडकीची सीट पकडायची, मोबाईल फ्लाइट मोडवर, अन मोर्शी येईपर्यंत फक्त एकच काम. सध्या खात्याच्या परीक्षेचं पुस्तक सुरू आहे. मोर्शीनंतर काहीच नाही, बाहेर संत्र्याचे बगीचे पाहत बसतो. येताना सरळ झोपतो, येतानाही अभ्यास करीन असं सुरुवातीला ठरवलं होतं, त्या नादात जातानाचाही बुडाला होता. दोन्ही धरायला गेलो तेव्हा एकही हाती लागलं नाही, एक सोडलं तर दुसरं वर्षभर टिकलं.

तुमच्या दिवसात अशी 'बस' कोणती ते शोधा, जिथं तुम्ही अडकलेले असता अन बाकीच्यांना तुमची गरज नसते.


पुण्यातला_वऱ्हाडी
५ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

मूळचा अकोल्याचा, सध्या हिंजवडीत. लालडब्बांशी सहमत. दोन मुद्दे जोडतो.

एक, २१ दिवसात सवय लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं त्यावर विश्वास ठेवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २०१० साली छापून आला. रोजची एक साधी गोष्ट, जेवणासोबत फळ खाणं किंवा जेवणाआधी धावणं वगैरे, अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि अंदाज पाहिला तर कोणाला १८ तर कोणाला २५४. महत्त्वाचं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही दिसलं. त्यामुळे धुऱ्यावरचा यांनी चौथ्या दिवशीच हार मानायला नको होती.

दोन, पार्किन्सनचा नियम. सी. नॉर्थकोट पार्किन्सननं १९५५ मध्ये लिहिलं की जितका वेळ द्याल तितकं काम फुगत जातं. म्हणून प्रत्येक व्हिडिओला डेडलाइन लावा. कॅलेंडर ॲपमध्ये ब्लॉक टाका, हिरवा रंग शेती, निळा कोर्स, लाल घर, आणि रविवारी बसून पुढचा पूर्ण आठवडा…


पऱ्हाटी
५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

भाऊ तुमचा रविवार आमच्या अठी येतच नाई. ढोरं रविवार पाळत नाईत.

पन ते फुगनारं काम पटलं बरं का. पेरनीले पाहा ना, वाफसा, म्हंजे पेरनीजोगी ओल, दोन दिस राहते, त्या दोन दिसात अख्खं गाव पेरून मोकळं. तेच निंदन पाहा, आज नाई उद्या, उद्या नाई परवा, मंग कमरेवढं गवत. वाफस्यावानी काई असलं तं माणूस कामाले लागते, नाई तं नाई.


बचतगटवाली
५ नोव्हेंबर, रात्री १०:४८

सगळं वाचलं. दादा लोकांनो एक विचारू का, राग नका मानू. तुम्ही ६ ते ८ अभ्यासाला बसले त्या वेळात चहा कोणी आणून दिला? चहाचा कप मधातच थंडा झाला तर दुसरा कोणी गरम केला?

मी साडेचारला उठते. पाणी, सडा, स्वयंपाक, पोरांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, मग नऊला वेचायला जाते, दुसऱ्याच्या वावरात, किलोवर. संध्याकाळी आल्यावर पुन्हा चूल. माझ्याकडे तुमच्यासारखा कोरा घंटा नाही, जो असतो तो फोडलेल्या खोबऱ्यासारखा असतो, तुकडा इथं तुकडा तिथं.

तरी गटाचा हिशोब सात वर्षांपासून माझ्याकडे आहे अन एक आठवडा चुकला नाही. कसा, ते सांगते. गटाला पंचसूत्री असते, नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. जास्त असा शब्द कुठेच नाही. आम्ही वीस रुपयापासून सुरुवात केली होती. आमच्यातली एक बाई तेव्हा म्हणे मी महिन्याला एकदम दोनशे देते, हप्त्याहप्त्याची कटकट कायले. तिला नाही म्हटलं. कारण दोनशे असतील त्या महिन्यात ती देईल अन नसतील त्या महिन्यात तोंड लपवेल, बैठकीलाच येणार नाही. वीस रुपये कोणाच्याही डब्यात सापडतात.

अन दुसरं, बैठकीत दहा बायांसमोर वही उघडावी लागते. माझं रकाना भरलेलं नसलं तर दहा जणी पाहतात. घरी एकटीनं ठरवलं असतं तर मी पण कधीच सोडून दिलं असतं.

धुऱ्यावरचे दादा, तुमच्या कोर्सचे वीस रुपये किती होतात ते ठरवा. अन वही कोणासमोर उघडणार तेही ठरवा. घरात उघडणार असाल तर आधी चहाचा कप स्वतः विसळा.


लालडब्बा
५ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई 🙏 कप विसळून येतो.


निवृत्त_गुरुजी
६ नोव्हेंबर, पहाटे ५:२०

ताईंनी फार मोलाचे लिहिले आहे. मी ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, वेळापत्रके करण्यात हयात गेली, म्हणून दोन शब्द.

आपल्या भागाला नियमितपणा बाहेरून शिकावा लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारले ते १९३५ चे. गुरुदेव सेवा मंडळाची गावोगावची सामुदायिक प्रार्थना आजही सायंकाळी होते. माझ्या लहानपणी आमच्या गावात प्रार्थनेची घंटा झाली की बाया दिवा लावत, गुराखी ढोरे बांधत, पोरे खेळ मोडत. कोणाच्या हातात घड्याळ नव्हते, पण सूर्य मावळला की पुढे काय करायचे हे ठरलेले असे. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. देशाचे राजकारण त्या मातीच्या कुटीत येत होते, तरी रोजची सूतकताई सुटत नसे. कमरेला घड्याळ लटकवलेले असायचे ते तर सर्वांना छायाचित्रांतून ठाऊक आहे.

सांगायचे असे की 'सहा वाजता' असे ठरवू नये, 'अमुक झाल्यावर' असे ठरवावे. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच काम केले आहे, १९९९ चा त्याचा लेख मला मुलाने वाचायला दिला होता. 'मी अभ्यास करीन' असे नुसते म्हणणाऱ्यापेक्षा 'हे घडले की मी ते करीन' असे आधी जोडून ठेवणाऱ्याच्या हातून काम पार पडण्याची शक्यता वाढते. वाचून मी हसलो. आमच्या आईचे सगळेच तसे होते. तिला वाजले किती ते कळत नसे, पण दुधावर साय धरली की ती जात्यावर बसे.

(टंकलेखनातील चुका माफ असाव्यात, मोबाईल नवा आहे.)


धुऱ्यावरचा
६ नोव्हेंबर, रात्री ८:३५

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

ताई, कप आजपासून मी. खरं सांगतो, ते वाचून बायकोला मोबाईल दाखवला तर ती काही बोलली नाही, फक्त हसली, ते जास्त लागलं.

गुरुजी, तुमचं वाचून सकाळभर एकच विचार करत होतो, माझ्याकडे असं काय आहे जे रोज होतेच. लाईन तर नाही, ती एक हप्ता दिवसाची अन एक हप्ता रात्रीची, रात्रपाळीत दोन वाजता टॉर्च अन काठी घेऊन बारे द्यायला जातो, रानडुकरं वेगळीच. मजूरही नाही. सोयरे तर नाहीच नाही.

अन आज सकाळी कपाशीच्या धुऱ्यावर उभा होतो तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. दहिवर, म्हणजे दंव! नोव्हेंबरात सकाळी बोंडं ओली असतात, हात घातला की बोटं भिजतात. ओला कापूस वेचला तर गंजीत पिवळा पडते, अन सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) केंद्रावर ओलावा मोजतात, ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला तर घेतच नाहीत. म्हणून बाया नऊच्या आधी वेचायला लागतच नाहीत. म्हणजे डेअरीवर दूध घालून झाल्यावर दहिवर उतरेपर्यंत मी वावरात कोणाच्याच कामाचा नसतो. रोज. अन तो वेळ आजपर्यंत जात कुठं होता ते सांगायला लाज वाटते. डेअरीच्या बाजूलाच पानठेला आहे.

तर ठरवलं. डेअरीतून सरळ वावरात. मोटरच्या खोलीत बसायला लाकडी पेटी आहे. व्हिडिओ रात्री घरी डाऊनलोड करून ठेवायचा कारण वावरात रेंज नाही (हे तर चांगलंच झालं). वीस रुपये म्हणजे माझ्यासाठी १० मिनिट. पूर्ण व्हिडिओ नाही, १० मिनिट पाहायचं अन वहीत चार ओळी लिहायच्या. जास्त झालं तर झालं.


अभ्यासिका_खुर्ची_७
६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

भारी. पण पानठेल्याचं काय करणार? माझा अभ्यास ज्यांनी बुडवला ते सगळे माझे चांगले मित्रच आहेत. 'चाल ना बे दोन मिनिट' म्हणतात अन नाही म्हटलं की 'झाला का कलेक्टर' असं ऐकवतात. पोमोडोरोनं २५ मिनिटाचं लक्ष लागते पण खुर्चीवरून उठवायला आलेल्या दोस्ताला नाही कसं म्हणायचं ते त्यात नाही. मी भिडेपोटी वर्ष घालवलं. आता कानात हेडफोन घालून बसतो, त्यात काहीच सुरू नसते.


पऱ्हाटी
६ नोव्हेंबर, रात्री ९:४४

मी सांगतो. दूध घालाले जाताना खिशात पैसे नेऊच नोका. उधार ठेल्यावाला देत नाई, दोस्त किती दिस पाजतीन? चौथ्या दिशी तेच तोंड फिरवतेत. मी असाच खर्रा कमी केला (सुटला नाई, कमी केला).

अन घरी मोबाईलचं म्हनान तं आमची बायको रात्री आठले माहा मोबाईल गव्हाच्या कोठीत टाकते, वरतून झाकन, झाकनावर पायली. एकडाव रात्री फोन आला तं कोठीतून आवाज ये, म्हातारी घाबरली ना.


पोलीस_भरती_२०
७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मी पण लिहितो. मी पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर रोज धावतो. आधी रोज जोर लावून धावायचो अन चार दिवसांनी पिंढऱ्या धरायच्या मग हप्ताभर बंद. ग्राउंडवर एक सर येतात ते म्हणाले रोज येऊन बूट घाल, पाऊस असला तरी घाल, धावायचं की नाही ते बूट घातल्यावर ठरव. बूट घातले की माणूस धावतोच हो. ८ महिने झाले. मैदानी ५० मार्काची भीती गेली, लेखी १०० मार्काचीच बाकी आहे, त्याचे बूट कोणते ते अजून सापडले नाहीत.


बचतगटवाली
७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

लेखीचे बूट म्हणजे पेनाचं टोपण काढणे 😄 सांगितलं ना, वही उघडायची.

@धुऱ्यावरचा, वही कोणासमोर उघडणार ते राहिलंच.


धुऱ्यावरचा
७ नोव्हेंबर, रात्री १०:२९

इथेच. दर रविवारी इथे आकडा टाकीन. पऱ्हाटीभाऊ म्हणतात रविवार नसते पण माझ्यासाठी असू द्या.


धुऱ्यावरचा
१६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

९ दिवसांपैकी ६. दोन दिवस लग्नात, एक दिवस पाय घसरून नालीत पडलो. व्हिडिओ १२ पर्यंत पोचलो.


पुण्यातला_वऱ्हाडी
१६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

उत्तम! एका शीटमध्ये टाका, मी आलेख काढून देतो.


पऱ्हाटी
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४१

आलेख नोका काढू, नालीचं सांगा. कोन्या नालीत?


धुऱ्यावरचा
७ डिसेंबर, रात्री ९:२०

मधले दोन रविवार आलो नाही, माफी. आकडा लपवायचा नव्हता पण खरं तर लपवतच होतो. १७ ते २५ नोव्हेंबर एकही दिवस बसलो नाही. वडिलांना बरं नव्हतं, दवाखान्यात होतो, अन घरी आल्यावरही तीन दिवस उगाच गेले, त्याला वडिलांचं कारण देता येत नाही. वावरातल्या खोलीकडे पायच वळत नव्हते, आता इतका खाडा पडला तर कशाला, असं वाटून. २६ ला बचतगटवाली ताईंचं वीस रुपयाचं पुन्हा वाचलं. त्या दिवशी १० मिनिट पण नाही, ४ मिनिट बसलो. पेटीवर बसून वही उघडली तर मधात उंदरानं कोपरा कुरतडलेला. त्याच पानावर लिहिलं.

तेव्हापासून आजपर्यंत १२ पैकी १० दिवस. व्हिडिओ २३. नोव्हेंबर महिन्याचं पहिलं रिटर्न सीएच्या टेबलाशेजारी बसून मी स्वतः भरलं, त्यांनी फक्त पाहिलं. एका बिलाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाला दिलेला नंबर) चुकला होता तो त्यांनी दुरुस्त केला. ११ तारखेच्या चार दिवस आधी झालं, नाही तर दरवेळी १० च्या रात्री पळापळ असायची.

आता नवीन अडचण. वेचणी संपत आली, दुसरा वेचा झाला की दहिवराचं कारण उरणार नाही, अन हरभऱ्याला फुलावर पाणी द्यायची वेळ आली आहे. म्हणजे सकाळचा वेळ जाणार. गुरुजी, 'अमुक झाल्यावर' मधलं अमुकच गेलं तर काय करायचं?


निवृत्त_गुरुजी
८ डिसेंबर, पहाटे ५:०५

दुसरे अमुक शोधायचे. पाणी देताना एक वाफा भरेपर्यंत आपण काय करता?


धुऱ्यावरचा
८ डिसेंबर, सकाळी ६:४०

उभा राहतो गुरुजी, फावड्यावर हात ठेवून. 😐


बचतगटवाली
८ डिसेंबर, रात्री १०:३३

वडील कसे आहेत आता ते आधी सांगा.


धुऱ्यावरचा
८ डिसेंबर, रात्री १०:४०

बरे आहेत ताई. आज अंगणात खाट टाकून बसले होते, मजुरांना शिव्या देत. अन ते भिंतीवरचं टाइमटेबल त्यांनीच काढून टाकलं, म्हणे फडफड ऐकून झोप येत नाही.


पऱ्हाटी
८ डिसेंबर, रात्री १०:५१

विषय सोडून इचारतो, मोटरले ऑटो स्विच कोनता बसवला कोनी? रात्रपाळीत लाईन गेली अन आली तं आपोआप चालू होनारा पायजे. माहा जुना जळला.


लालडब्बा
८ डिसेंबर, रात्री ११:०५

माझ्या भावाने बसवलाय, नाव विचारून उद्या बसमधून टाकतो. मोर्शीनंतर.